वरची कोरी ओळ

डेनिस तुस्कानो नम्र माणूस आहे, असं बहारीनमध्ये सित्र्याच्या कारखान्यात सगळे म्हणत. रविवारऐवजी शुक्रवारी भरणाऱ्या मिस्सानंतर वसईकरांचा घोळका चर्चच्या आवारात उभा राही, तिथेही म्हणत. तो हे ऐकून खाली बघायचा, आणि खाली बघण्यामुळे ते आणखी खरं वाटायचं. गेल्या उन्हाळ्यापासून मात्र तो शब्द कानावर आला की त्याला वाटतं, आपल्या अंगात दुसऱ्याचा शर्ट आहे आणि शर्टाचा मालक समोरून येतो आहे.

तेवीस वर्षं तो काँक्रीटचे साचे भरून घेण्याचं काम करत होता. पहाटे जुफैर भागातल्या उंच इमारतींच्या मागे, तो राहायचा त्या जुन्या चार मजली घरासमोर कंपनीची बस थांबे. बायको ग्लेनिस हॉस्पिटलात नर्स, तिची शिफ्ट संपायची तेव्हा याची सुरू व्हायची. मुलगी कॅरल नववीत. डेनिसने बहारीनमध्ये केलेल्या वस्तू मोजता येणार नाहीत इतक्या होत्या: कठडे, पायऱ्या, गटारांची झाकणं, बागेतली बाकं. त्यातल्या एकीवरही कोणाचं नाव नव्हतं आणि ते असावं असं त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

मग चिनी बाजाराचं काम आलं. समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवर नवा बाजार उठत होता, आणि मालकाला दर्शनी बाजूला ऐंशी मीटर चिनी तटबंदी हवी होती, कमानीसकट. आर्किटेक्ट होती उमैमा, तिशीतली बहारिनी मुलगी. नानजिंगला दोन वर्षं शिकून आलेली. पहिल्या दिवशी ती नकाशे घेऊन ऑफिसात गेलीच नाही. थेट शेडमध्ये आली, एक रिकामी बादली उलटी करून बसली आणि साचेवाल्यांना गोळा केलं. तिचं हिंदी दुकानदारांकडून शिकलेलं होतं, पण ती न अडखळता बोलत होती.

ती म्हणाली, चीनची भिंत म्हणून तुम्ही जी चित्रात बघता ती एक भिंत नाही. पुष्कळ राजांनी पुष्कळ शतकं बांधलेल्या पुष्कळ भिंती आहेत. सगळ्यात जुन्या मातीच्या. दोन बाजूंना फळ्या लावायच्या, मध्ये माती टाकायची, चार बोटं उरेपर्यंत ती चोपायची, की वर दुसरा थर. वाळवंटात माती मिळेना तिथे बोरू आणि झाऊच्या फांद्या अंथरून त्यावर खडी पसरली, पुन्हा फांद्या, पुन्हा खडी. त्यातल्या काही दोन हजार वर्षांनी अजून उभ्या आहेत. विटांची भिंत फार नंतरची, मिंग राजांची. त्या विटा सांधायला चुन्यात चिकट तांदळाची पेज घालत.

"खीर डाल दी दीवार में?" नुमान म्हणाला.

नुमान मुरादाबादचा. घराण्यात पितळेच्या ओतकामाचा धंदा. इथे साचेवाला म्हणून नऊ वर्षं डेनिसच्या हाताखाली होता, आणि त्याला उस्ताद म्हणायचा, जरी दोघांनाही माहीत होतं की बोटं कोणाची जास्त शहाणी आहेत.

"खीर नाही रे, पेज," डेनिस म्हणाला. "आमच्या वसईला आजारी माणसाला देतात."

"तो दीवार बीमार थी, उस्ताद?"

सगळे हसले. उमैमाही हसली, आणि म्हणाली की त्या पेजेचा चुना आजही छिन्नीला दाद देत नाही.

क्वालिटीचा इंजिनिअर शिरीष मागे उभा राहून ऐकत होता. पुण्याचा, सुट्टीत घरी गेला की किल्ले चढणारा. उमैमाने नकाशावर दाखवलं: वेशीच्या बाहेर दुसरी भिंत, घड्याच्या पोटासारखी गोल. शत्रू पहिलं दार फोडून आत आला की मधल्या चौकात सापडतो, आणि चारही बाजूंनी वरून मारा. नानजिंगच्या दक्षिण वेशीला असे तीन चौक एकामागे एक आहेत.

"म्हणजे आपल्या किल्ल्यांवरचं रणमंडळच की हो, डेनिसराव," शिरीष मराठीत म्हणाला. "आणि तटावरचे हे दात म्हणजे चर्या."

"चर्या दोन्ही बाजूंना का नाहीत पण? आतल्या बाजूला नुसता बुटका कठडा आहे," डेनिसने विचारलं.

उमैमाला तो प्रश्न आवडला. ती म्हणाली, कारण शत्रू एकाच बाजूला आहे. बाहेरच्या बाजूला दात, त्यांच्या मधून बाण मारायला फटी. पावसाचं पाणी मात्र आतल्या बाजूला सोडायचं, म्हणजे बाहेरच्या भिंतीवर ओल धरून झुडुपं उगवत नाहीत आणि चढणाऱ्याला हाताला काही लागत नाही. भिंत बघितली की ती कोणाला घाबरते हे लगेच कळतं, मिस्टर डेनिस.

मग तिने बॅगेतून एक फोटो काढला. राखाडी वीट, हातभर लांब, वीतभर रुंद, आणि तिच्या अंगावर अक्षरांच्या ओळी. सहाशे वर्षांपूर्वी नानजिंगची तटबंदी बांधताना यांग्त्से नदीकाठच्या गावोगावच्या भट्ट्यांतून विटा येत. वीट कच्ची निघाली तर कोणाला धरायचं? म्हणून विटेवर नावं. वरच्या ओळीत अधिकारी, त्याखाली त्याच्या हाताखालचा, मग भट्टीवाला, सगळ्यात खाली वीट थापणारा. राजाच्या राजधानीत आज राजाचं नाव शोधावं लागतं, उमैमा म्हणाली, पण थापणाऱ्याचं बोट लावून वाचता येतं.

तिला तसंच इथे हवं होतं. काँक्रीटच्या प्रत्येक ठोकळ्यावर दोन ओळी: वर उस्तादाचं नाव, खाली भरणाऱ्याचं. साच्याच्या तळाला अक्षरांची रबरी पट्टी चिकटवायची, की ठोकळा उलटल्यावर नाव कोरलेलं दिसेल. कमानीखालच्या बोळात ठोकळे नावाची बाजू बाहेर ठेवून बसतील. लोक जाता येता वाचतील.

साचेवाले एकमेकांकडे बघत राहिले. कोणीतरी विचारलं, अरबीत की इंग्रजीत? दोन्हीत, ती म्हणाली.

त्या संध्याकाळी बसमध्ये बसून डेनिस खिडकीबाहेर रिफायनरीचे दिवे बघत होता. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी त्याला आकडे दिसत होते. अकराशे ठोकळे. अकराशे वेळा तुस्कानो. त्यातले चार तडकणार, दोन रंग सोडणार, एखादा पडणार. तेवीस वर्षांत त्याच्या हातून वाईट माल गेला नव्हता असं नाही. गेला होता, पण तो कुठे गेला हे कोणाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो उमैमाला म्हणाला, "मॅडम, माझं नाव नको. मी नुसता उभा असतो. हात यांचे आहेत. यांचीच नावं राहू देत."

उमैमाने त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले की काय असं त्याला वाटलं, आणि तेव्हाच त्याने खरं कारण सांगायला हवं होतं. पट्ट्या आधीच दोन ओळींच्या मापाने कापल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक ठोकळ्यावर वर बोटभर कोरी जागा राहिली आणि खाली नाव.

ही गोष्ट पसरली. शिरीषने मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकली. चर्चबाहेर म्हाताऱ्या अ‍ॅग्नेसबाईंनी डेनिसच्या गालाला हात लावला. कॅरलने शाळेत चिनी भिंतींवर प्रोजेक्ट केलं, त्यात शेवटच्या पानावर त्या कोऱ्या जागेचा फोटो लावला आणि वर्गाला सांगितलं, ही जागा माझ्या डॅडाची आहे. तिने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा डेनिस भात कालवत होता. तो कालवत राहिला.

ऑगस्टच्या शेवटी चर्यांवर बसवायच्या टोप्या उरल्या होत्या, आठ. मालक बुधवारी सकाळी दहाला बघायला येणार होता. उमैमाने सोमवारी फोन केला आणि सांगितलं, जमत नसेल तर ती लाकडाच्या खोट्या टोप्या बसवून घेईल, नंतर बदलता येतील. काही घाई नाही. शिरीष शेजारी उभा होता. डेनिस फोनवर म्हणाला, "मफी मुश्किल, मॅडम. काही अडचण नाही, होतील."

हे कोणी त्याच्याकडून वदवून घेतलं नव्हतं. तो पुढे पुष्कळ वेळा त्या क्षणापाशी गेला, एखादं कारण सापडतं का बघायला. मालकाचा दबाव नव्हता. पगार कापला जाणार नव्हता. त्याला फक्त ते वाक्य म्हणायचं होतं, आणि शिरीषने ते ऐकावं असं वाटत होतं.

मंगळवारी दुपारी चारला टोप्या भरल्या. नियम असा की चोवीस तास साच्यात, वर ओलं गोणपाट. बुधवारी सकाळी सहाला डेनिस शेडमध्ये आला आणि नुमानला म्हणाला, "साचे खोल."

नुमानने तळहात ठोकळ्यावर ठेवला. तो नेहमी तसा ठेवायचा, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"उस्ताद, अंदर कच्चा है."

"ऑगस्ट आहे, नुमान. बाहेर फरशीवर रोटी भाजते. खोल."

"शाम तक रुक जाते."

"मैं बोल रहा हूँ ना."

नुमानने साचे खोलले. सात सुटले. आठव्याचा कोपरा साच्याला धरून राहिला. नुमानने लाकडी हातोडी हलकेच मारली, दोनदा. दुसऱ्या वेळी आवाज बदलला. ओतकामातल्या माणसाला तो आवाज कळतो. तो जरा बसका येतो, बोलता बोलता माणसाचा घसा बसावा तसा. नुमानने वर पाहिलं. डेनिसनेही तो ऐकला होता. तो म्हणाला, "यल्ला, चल, गाडी उभी आहे."

प्रत्येक साच्याला एक कार्ड टांगलेलं असे, भरल्याची वेळ आणि उघडल्याची वेळ. डेनिसने ते स्वतः भरलं. भरल्याची वेळ: मंगळवार, सकाळी सहा.

सहा आठवड्यांनी, बाजार उघडायच्या आधीच, त्या आठव्या टोपीचा कोपरा सुटून खाली आला. खाली पहारेकऱ्याची प्लॅस्टिकची खुर्ची होती. पहारेकरी चहा आणायला गेला होता. खुर्चीचे दोन तुकडे झाले.

चौकशी कंपनीच्या ऑफिसात झाली. टेबलावर तो कोपरा आणि उरलेली टोपी ठेवली होती, एखाद्या आजारी जनावरासारखी, आडवी. तिच्या पाठीवर नाव स्वच्छ वाचता येत होतं: नुमान. वर कोरी जागा.

शिरीषने नुमानला हिंदीत विचारलं, साचा किती तासांनी खोलला?

नुमानला सगळं सांगता आलं असतं. तो एवढंच म्हणाला, "कार्ड उस्ताद ने भरा है. उस्ताद से पूछ लीजिए."

शिरीष वळला. त्याने मराठीत विचारलं, आवाज खाली आणून, घरच्या माणसाला विचारावं तसं. "डेनिसराव, किती तास होते हो?"

"चोवीस," डेनिस म्हणाला.

चोवीस आणि चौबीस यांत फार अंतर नाही. नुमानला कळलं. त्याने डेनिसकडे पाहिलं नाही. तो समोरच्या ठोकळ्याकडे बघत राहिला आणि मान एकदा हलवली, जणू एखादं माप बरोबर आलं.

उमैमा मधे बोलली. म्हणाली, मिस्टर डेनिसवर संशय घेऊ नका, या माणसाने स्वतःचं नावसुद्धा लावू दिलं नाही. डेनिसने तेव्हा खाली पाहिलं. त्या खोलीतही ते नम्रतेसारखंच दिसलं असणार.

ठरलं ते असं: हातोडी जोरात मारली, निष्काळजीपणा नुमानचा. त्याला साच्यांवरून काढून वरकामाला लावलं. डिसेंबरात व्हिसा संपेल, तो रिन्यू होणार नाही. आणि मालकाने निरोप पाठवला की पडलेल्या ठोकळ्यावरचं नाव बोळातल्या ठोकळ्यांवरही आहे हे बरं दिसत नाही, ते घासून टाका.

बोळात नुमानच्या नावाचे दोनशे बारा ठोकळे होते. घासायचं काम वरकाम होतं, म्हणून ग्राइंडर नुमानच्याच हातात आला. देखरेखीला डेनिस.

चौकशीनंतरच्या अकरा दिवसांत डेनिसने स्वतःला पुष्कळ गोष्टी सांगितल्या होत्या. नुमानला कुठेही काम मिळेल, त्याचे हात सोन्याचे आहेत. कॅरलची फी आहे. ग्लेनिसने बांधकामाचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, खलास, मिटलं सगळं, ठीक आहे. रोज सकाळी बसमध्ये नुमान त्याच्या पुढच्या सीटवर बसायचा, नेहमीसारखाच, आणि नेहमीसारखंच म्हणायचा, "सलाम, उस्ताद." डेनिसला वाटायचं की यापेक्षा त्याने थुंकलं असतं तर बरं झालं असतं.

बोळात ग्राइंडरचा आवाज दोन्ही भिंतींवर आपटत होता. नुमान तोंडाला फडकं बांधून उकिडवा बसला होता. तो घाईने घासत नव्हता. एखादं काम चांगलं करायचं असतं तसा घासत होता, कडेपासून मधे, भोवतीच्या ठोकळ्याला ओरखडा न जाऊ देता. आधी अरबी, मग इंग्रजी. एक झाला की फुंकर मारायचा, तळहात ठेवून बघायचा, सपाट आहे ना, आणि पुढच्याकडे सरकायचा. एकतीस झाले होते.

बाजूच्या ठोकळ्यांवर इतरांची नावं होती. सगळ्यांवर ती बोटभर कोरी जागा. डेनिसला एकदम दिसलं की बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अकराशे वेळा तो तिथे आहे. नुमानचं नाव घासून जात होतं; डेनिसच्या जागेत घासायला काही नव्हतंच.

"दे इकडे," तो म्हणाला.

"रहने दो उस्ताद, धूल है."

डेनिसने भिंतीतला प्लग काढला. ग्राइंडर गुरगुरत थांबला. त्याने फोन काढून शिरीषला लावला, तिथेच, नुमानसमोर.

"शिरीष साहेब, चौदा."

"काय चौदा?"

"तास. टोप्या मी चौदा तासांनी खोलायला लावल्या. तो नको म्हणत होता. कार्ड मी खोटं भरलं."



"हे आता सांगताय, डेनिसराव?"

"हो."

"मी तुम्हाला मराठीत विचारलं होतं," शिरीष म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

पुढचं लवकर झालं. डेनिसची उस्तादी गेली आणि तो स्टोअरला आला, सिमेंटच्या गोण्या आणि हातमोजे देण्याच्या खिडकीमागे. नुमान पुन्हा साच्यांवर गेला; व्हिसाचे कागद पुढे सरकले. उमैमाने फोन उचलणं बंद केलं. तिने मालकाला पत्र लिहिलं की घासलेले ठोकळे नवे करून नुमानचं नाव परत यावं, आणि वरच्या जागेत तुस्कानो हे नाव कोरावं, कारण वरची ओळ जबाबदार माणसाचीच असते. मालकाच्या माणसांनी ते पत्र वाचून दुसराच अर्थ काढला. नावांमुळे भानगडी होतात. सगळीच काढा.

आठवडाभर बोळात चार ग्राइंडर चालले. अकराशे ठोकळे गुळगुळीत झाले. बाजाराच्या उद्घाटनाला लोकांनी कमानीखाली उभं राहून फोटो काढले, आणि भिंत फार सुंदर आली होती, सगळे तसं म्हणत होते.

साचेवाल्यांपैकी दोघांनी आपल्या नावाचा फोटो गावी पाठवला होता. एकाच्या आईने तो मोठा करून घेऊन दारावर लावला होता. ते स्टोअरच्या खिडकीशी येत तेव्हा हातमोजे घेत, सही करत, आणि जात.

घरी डेनिसने कॅरलला बसवून सांगितलं. मराठीत, सावकाश, काही न गाळता. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "सो यू लाइड, डॅडा?"

"हो."

"अँड आय टोल्ड द होल क्लास."

"हो, बाळा."

ती उठून आत गेली. ग्लेनिस दारात उभी होती, युनिफॉर्मवरच. तिने त्याच्यासमोरचा चहा उचलला, थंड झाला होता म्हणून, आणि गरम करायला नेला.

नोव्हेंबरात एकदा संध्याकाळची बस उशिरा आली. थांब्यावर डेनिस आणि नुमान दोघेच होते. हवा बरी झाली होती. डेनिस बरेच दिवस जे म्हणायचं ठरवत होता ते म्हणाला, की चूक सगळी माझी होती, तुझी काही नव्हती.

नुमान मान हलवत राहिला, नकारार्थी.

"हाथ तो मेरे थे, उस्ताद. मैंने आवाज़ सुनी थी. मुझे हथौड़ी रख देनी चाहिए थी. इसलिए उस दिन दफ़्तर में कुछ नहीं बोला. नाम मेरा लिखा था, और ठीक लिखा था. मैं सोच रहा था, अब आप अपना बोलोगे."

डेनिसला वाटत आलं होतं की नुमान त्या दिवशी घाबरून गप्प बसला, किंवा चांगुलपणाने. दोन्हींची त्याने मनात सोय लावली होती. आता कळलं की नुमानने तिथे आपली ओळ वाचली होती, आणि मग शेजारच्या माणसाची वाट बघितली होती, अकरा दिवस, रोज पुढच्या सीटवर बसून.

"मैंने देर कर दी," डेनिस म्हणाला.

"जी," नुमान म्हणाला.

बस आली. नुमान चढला आणि नेहमीच्या सीटवर बसला. डेनिस पायरीवर क्षणभर उभा राहिला. मागची सीट रिकामी होती. शेजारचीही रिकामी होती, पण तिथे बस असं नुमान म्हणाला नाही, आणि विचारण्याचा हक्क आपल्याला आहे असं डेनिसला वाटलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, यल्ला, यल्ला. तो मागे जाऊन बसला.